मिरकरवाड्यात घडलेली कमान

शिडाच्या बोटीतून लांबच्या सफरीला निघालं की वीज बोटीवरच तयार करावी लागते. सौर पॅनेल, जीपीएस आणि व्हीएचएफचे अँटेना, मागचा दिवा हे सगळं शिडांच्या वाटेत न येता बसवायचं, तर बोटीच्या मागच्या अंगाला स्टीलची कमान हवी. प्रत्येक बोटीचा घाट वेगळा, त्यामुळे तयार कमान क्वचितच नीट बसते. आमची रत्नागिरीतच झाली, मिरकरवाडा बंदराजवळच्या फॅब्रिकेटरकडे. त्यांचा हात ट्रॉलरवर बसलेला. शिडाच्या बोटीचं काम त्यांनाही नवं होतं.

आधी पीव्हीसी पाइपांचा सांगाडा डेकवर सुतळीने बांधून उभा केला. बूम या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. डोलकाठीला मागून ताणणारी तार कुठे घासत नाही ना, सुकाणूवर उभ्या माणसाचं डोकं आपटत नाही ना, हे पाहिलं. कागदावर सरळ काढलेले पाय इथे तिरके झाले, तेव्हा कुठे मापं पक्की ठरली.

नळी ३८ मिलिमीटर व्यासाची, ३१६ ग्रेडची. या ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या हवेत ती ३०४ पेक्षा जास्त टिकते. दुकानात लोहचुंबक लावून बघायची पद्धत आहे, पण तिचा उपयोग नाही: दोन्ही ग्रेड चुंबकाला जवळपास सारखेच. खरा पुरावा गिरणीच्या चाचणी प्रमाणपत्राचा.

वेल्डरने बॅटरीच्या तारा सोडायला लावल्या, डेकवर ओली गोणपाटं अंथरली आणि जागेवर फक्त टाके मारले. पूर्ण वेल्डिंग कारखान्यात. नळीची तोंडं चिकटपट्टीने बंद करून त्याने आतही आर्गन सोडला, म्हणजे सांध्याची आतली बाजू जळून काळी पडत नाही आणि पुढे तिथून गंज धरत नाही. ट्रॉलरच्या कामात एवढं कुणी मागत नाही. त्याने ते न सांगता केलं.

माझ्या मते कमानीचा कस तिच्या पायांत लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पॅनेलवरचा दाब चौपट होतो आणि तो सगळा डेकवर उतरतो. आमचा डेक फायबरचा, मधे लाकडी गाभा. म्हणून भोकं मोठी पाडून भोवतीचा गाभा कोरून काढला, जाड इपॉक्सी भरलं, ते सुकल्यावर नेमक्या मापाची भोकं पाडली आणि खालून स्टीलच्या पट्ट्या देऊन बोल्ट आवळले. असं केलं नाही तर पाणी झिरपून गाभा कुजतो. पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीखाली नायलॉनचे वॉशर घातले, कारण खाऱ्या पाण्यात स्टीलला टेकलेलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

अशी कामं आपल्याकडे होत नाहीत, असं मानणाऱ्यांनी गोव्यातल्या दिवाडी बेटाकडे पाहावं. रत्नाकर दांडेकरांनी तिथल्या आपल्या यार्डात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली, तेव्हा महासागरात जाणारी शिडाची बोट बांधण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती. त्याच बोटीतून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना २०१७-१८ मध्ये जगाभोवती नेणारी ‘तारिणी’ही तिथलीच.

कोकणात कुणी बोट सजवत असेल, तर कमान इथेच करून घ्यावी. फक्त मासेमारी बंदीच्या जून-जुलैत जाऊ नका. तेव्हा सगळे वेल्डर ट्रॉलरच्या दुरुस्तीत अडकलेले असतात. दिवाळी उरकली की जा, आणि पीव्हीसीचा सांगाडा सोबत न्या.