मोटारीच्या दाराची खिटी

मोटार विकत घ्यावयाची आणि ती सुट्या भागांच्या रूपानें पेट्यांतून घरीं यावयाची, ही गोष्ट आपल्याकडील पालकांस विनोदाची वाटेल. इंग्लंडांत मात्र हा छंद जुना आहे. कॉलिन चॅपमन यांची ‘लोटस सेव्हन’ ही मोटार १९५७ सालीं निघाली. त्या काळीं तयार मोटारीवर खरेदी-कर बसे, भागांच्या संचावर बसत नसे. जुळणीची पत्रिका सोबत देण्यास बंदी होती. म्हणून मोटार उकलावी कशी याची पत्रिका देत व गिऱ्हाईक ती उलटी वाचून मोटार जुळवी, असें सांगतात! १९७३ सालीं मूल्यवर्धित कर आला व सवलत संपली. छंद मात्र उरला.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कॉव्हेंट्री येथें असतो. त्यानें दोन हिंवाळे खपून अशीच एक मोटार जुळविली. गेल्या मे महिन्याच्या सुटींत मी त्याजकडे गेलों, तों ती अंगणांत झांकून ठेविलेली. कारण विचारतां तो म्हणाला, “सर, वळणावर डावें दार उघडलें. मुलगी तिकडेच बसली होती. पट्टा बांधलेला होता म्हणून बरें.” तेव्हांपासून त्या सात वर्षांच्या मुलीनें मोटारीचें नांव टाकलें होतें.

वस्तुतः दाराची खिटी हें साधें यंत्र आहे. चौकटीवर एक पोलादी खुंटी असते. दारांतील आंकडा तिला विळखा घालून फिरतो आणि एक अडणी त्याच्या दांत्यांत पडून त्यास मागें फिरूं देत नाहीं. दांते दोन. पहिला केवळ सावधगिरीचा; दुसरा ‘टक्’ ऐकूं आल्याखेरीज दार लागलें असें समजूं नये. दार उघडें ठेवून आम्हीं स्क्रू-ड्रायव्हरनें आंकडा फिरविला, तों तो निमूटपणें परत आला. अडणीची स्प्रिंग मोडली होती. नवी घातली, दोन्ही टक् झाले, मूठ ओढतांच आंकडा सुटला. (ही परीक्षा दार लावण्यापूर्वींच करावी, एरवीं अडकलेलें दार उघडतांना फार हाल होतात.)

तरीहि दार लावतांना पुनः एकच टक्! माझा विद्यार्थी हातोडी घेऊन खुंटी वांकवावयास निघाला. मीं त्यास थांबविलें. उघड्या दारीं चालणारें यंत्र दार लावतांना चालत नसेल, तर दोष यंत्रांत नसून जागेंत असावा. खुंटीस निळा खडू फांसून दार हलकेंच टेकविलें. आंकड्याच्या वरच्या ओठास रंग लागला. म्हणजे दार लोंबलें होतें. खुंटी खालीं घेऊन काम भागलें असतें, परंतु लोंबतें दार तसेंच राहिलें असतें. म्हणून खालच्या बिजागरीच्या पाठीशीं पातळ चकती घातली, तेव्हां दाराची मोकळी कड वर आली. नवी रबरी पट्टी दारास रेटीत होती, यास्तव खुंटी केसभर बाहेर सरकविली.

खरी भयाची गोष्ट शेवटीं सांपडली. मुठीपासून अडणीपर्यंत जाणारी सळई इतकी ताठ होती कीं ती अडणीस अर्धवट उचलून धरी. असें असल्यास दोन टक् होऊनहि धक्क्यासरशीं दार सुटूं शकतें. सळईचें टोंक दोन फेरे फिरवून मुठीस थोडा सैलपणा ठेविला.

सायंकाळीं मुलगी अंगणांत आली. तिनें बाहेरूनच तें दार अकरा वेळां लावून पाहिलें व दर वेळीं दोन बोटें मोजलीं. बाराव्या वेळीं ती आंत बसली. तिची आई उंबऱ्यांत उभी होती.

“आणि उजव्या दाराचें काय?” तिनें विचारलें.

तें आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं उकललें.