वाण आणि गुण

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. लहानपणापासून ही म्हण कानावर आहे. ती यायची तक्रारीच्या सुरात, वाईट संगतीला लागलेल्या कुणाच्या तरी पोराबद्दल. गेले चार दिवस मात्र ती माझ्या डोक्यात वेगळ्याच कारणानं घोळते आहे.

म्हण करणारा एक गोष्ट धरूनच चालला, की वाण, म्हणजे अंगाचा रंग, शेजाऱ्याला लागत नाही. गोठ्यात ते खरं आहे. कापडाच्या कामात मात्र वाणच आधी लागतो. पारिजातकाचे देठ वेचून कोमट पाण्यात टाकले की घटकाभरात पाणी केशरी होतं आणि त्यात बुडवलेली चिंधीही. पण तो रंग टिकत नाही, दोन-चार उन्हांत उतरतो. लागणं आणि राहणं या दोन गोष्टी आहेत, आणि म्हणीनं त्यांचा एकच हिशेब केला आहे.

रंग राहायचा असेल तर मध्ये तिसरं कुणीतरी लागतं. मी चित्र काढते ते सासऱ्यांच्या जुन्या धोतरावर. आधी ते हिरड्याच्या पाण्यात म्हशीचं दूध घालून भिजवायचं आणि वाळवायचं, म्हणजे रेघ पसरत नाही. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे दोन-तीन आठवडे आंबवलेले असतात. त्या पाण्यात बुडवलेला कुंचला कापडाला टेकला की हिरड्यावर रेघ काळी होते. ही बाहेरची रेघ. आत भरायचं ते तुरटीच्या पाण्यानं, आणि ते दिसत नाही. ओलं असेपर्यंत थोडं चमकतं, वाळलं की गेलं. आपण पंख रंगवला की सुटला, हे आठवणीवरच. मग कापड मंजिष्ठेत उकळायचं. जिथे तुरटी लागली होती तिथे तांबडं उगवतं, बाकीच्या कापडावरची झाक धुण्यात आणि उन्हात निघून जाते. तुरटीला स्वतःचा रंग नाही, आणि तिच्यावाचून मंजिष्ठ कापडाला धरत नाही. म्हणीच्या गोठ्यात ही तुरटी कुठे आहे, ते मला सापडत नाही.

थोरल्या जाऊबाई त्याच धोतराची गोधडी करतात. कडेनं सुरू करून आत आत येत धावदोरा घालतात. मागच्या खेपेला मी आमच्या परसातला बुलबुल काढला होता, पपई पोखरणारा. पक्षी बरा होता, पण पोट सपाट, कागदावरून कापून चिकटवल्यासारखं. जाऊबाईंनी त्याच्या भोवतीनं टाके दाट घातले आणि आत एकही घातला नाही. भोवतालचं कापड दबलं, पोट वर आलं. हात फिरवला तर खरंच पाखराचं पोट. मी काही न बोलता बघत राहिले. त्यानंतरचा प्रत्येक बुलबुल मी त्या टाक्यांसाठी जागा सोडूनच काढला आहे. मग तो कुणाचा?

इथे मला इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस आठवतो, आणि एकदा आठवला की सोडवत नाही. मॉरिसला चित्रकार व्हायचं होतं. १८५८ साली त्यानं तैलचित्र पुरं केलं. तसं त्याचं ते एकच. पुढे भिंतीचे कागद, छापील कापड, विणलेले पडदे. १८६२ साली त्यानं गुलाबाच्या ताटीची नक्षी केली, पण त्यातले पक्षी त्याच्या मनासारखे उतरेनात. ते काढून दिले त्याचा मित्र, वास्तुकार फिलिप वेब यानं. वीसेक वर्षांनी, केल्म्सकॉटच्या त्याच्या घराच्या बागेत कस्तूर पक्षी येऊन स्ट्रॉबेऱ्या पळवू लागले. त्यांच्या माना मुरगळाव्यात असं माळी गुरगुरत होता. मॉरिसनं बागेतल्या एकाही पक्ष्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. त्याच्या मुलीनं, मे मॉरिसनं, हे लिहून ठेवलं आहे. १८८३ साली ते चोर कापडावर आले, आणि हे पक्षी त्यानं स्वतः काढले होते.

मर्टन ॲबी इथल्या मॉरिसच्या कारखान्यात ते कापड छापलं गेलं तेही उलट्या वाटेनं. आधी सगळं कापड निळीत बुडवायचं, मग नक्षीपुरती नीळ उडवायची, आणि उघड्या पडलेल्या जागी तांबडा नि पिवळा भरायचा. एका तुकड्याला कित्येक दिवस लागत. निळीनं त्याचे स्वतःचे हात निळे होत असत. वाण त्यालाही लागला होता.

वाटतं, इथे म्हण जुळली. वेबच्या शेजारी वीस वर्षं काढली आणि पाखरं काढण्याचा गुण लागला. तेवढ्यात १८८७ सालचा ‘द फॉरेस्ट’ हा विणलेला पडदा आठवतो. त्यातली दाट पानं मॉरिसची. सिंह, कोल्हा, ससा, मोर आणि कावळा मात्र पुन्हा वेबनंच काढले. मग गुण लागला होता की नव्हता? की लागला असूनही, जे शेजाऱ्याला आपल्याहून चांगलं येतं ते त्याच्याकडेच द्यावं असं त्याला वाटलं? मला हे ठरवता येत नाही. आणि बागेतले कस्तूर नसते तर दोघांचाही प्रश्न आला नसता, हेही आहेच.

काल जाऊबाईंना विचारलं, “कोपऱ्यात तुमचं नाव घालू का?” त्या दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, “पपईचं घालशील?”

गोधडी सध्या परसातल्या दोरीवर वाळते आहे. उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा मोकळी ठेवली आहे.