जमेस न धरलेले

बदली हा शब्द आपणां परमुलखी राहणाऱ्या नोकरदारांच्या कानांना नवा नाही. अमेरिकेत वाढलेली माझी भाची मात्र तो निराळ्या अर्थाने वापरते. ती कॅलिफोर्नियात समाजकार्य शिकते. दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढून नुकतीच 'बदली' घेऊन विद्यापीठात गेली. अशा सार्वजनिक महाविद्यालयांची परंपरा इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झाली. विद्यापीठाच्या मानाने शुल्क थोडे आणि दार सर्वांना उघडे. त्यामुळे विशीतली मुलगी आणि दिवसाची पाळी संपवून आलेली आई एकाच वर्गात बसतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र या विषयांचे श्रेयांक विद्यापीठाने तिच्या जमेस धरले.

क्षेत्रकार्याचे तसे नाही. पदवीसाठी लागणारे किमान ४०० तास मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातच भरावे लागतात. बेघरांच्या निवाऱ्यात वर्षभर घालविलेले तिचे शनिवार हिशेबात आलेच नाहीत. "मामा, तिथल्या एक आजी चार महिन्यांनी माझ्याशी बोलू लागल्या. ते कुठे मांडू?" असे तिने विचारले.

मी तिला माझेच उदाहरण लिहून धाडले. स्वतःच्या विनंतीवरून बदली घेतली तेव्हा माझी ज्येष्ठता गेली. यादीत मी तळाला आलो. परंतु खिडकीशी आलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाचे बोलणे मध्येच न तोडण्याची, पहिल्या कचेरीत जडलेली सवय माझ्याबरोबर आली. तिची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात नाही; रोजच्या कामाला मात्र तीच उपयोगी पडते.