तारापूरहून दोन सूर्यांकडे

ऑक्टोबरात पाऊस गेला की एखाद्या अमावास्येच्या सुमारास तारापूरला या. बोईसर स्टेशनला उतरून चिंचणी-तारापूरचा किनारा गाठायचा. (भरतीची वेळ आधी गावात विचारा, आणि मोठं माणूस बरोबर हवंच!) देशातलं पहिलं अणुवीज केंद्र याच तारापूरचं, १९६९ सालचं. पूर्वेचं आभाळ बोईसरच्या कारखान्यांच्या दिव्यांनी उजळलेलं असतं, म्हणून तिकडे पाठ करा. समोर समुद्र, नि त्यावर काळोख.

रात्री आठला श्रवणाचा ठळक तारा माथ्यावरून पश्चिमेकडे कललेला दिसेल. हात लांब करून तिथून समुद्राच्या दिशेने वीतभर खाली या. इथे भुजंगधारी तारकासमूहात ७० क्रमांकाचा एक मंद तारा आहे. डोळ्यांना एकच दिसतो, पण लहानशा दुर्बिणीतून पाहा, दोन निघतात! हे दोन केशरी सूर्य ८८ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी घालतात. आपल्यापासून ते सुमारे १७ प्रकाशवर्षं दूर आहेत.

या जोडीवर आपल्या पुण्याच्या एका माणसाचा फार जीव होता. कॅप्टन विल्यम जेकब हे कंपनी सरकारच्या फौजेतले इंजिनिअर. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि जोडतारे मोजायला घेतले. पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख असताना, १८५५ मध्ये, त्यांनी सांगितलं, की इथे एक न दिसणारा ग्रह असावा.

न दिसणारा ग्रह कळला कसा? समजा, दोघी मैत्रिणी फुगडी घालतायत. फेर सारखा असेल तर पुढचं पाऊल कुठे पडेल ते सांगता येतं. पण एकीच्या पाठीला धाकटा भाऊ लटकला, की काळोखात तो दिसला नाही तरी फेर डगमगणारच. तसं डगमगणं जेकबांना मोजमापांत दिसलं.

पण ते इतकं बारीक, की हवेच्या थरथरीने किंवा डोळ्याच्या जराशा चुकीनेही तेवढाच फरक पडावा. पुढे अमेरिकेत थॉमस सी यांनी पुन्हा तोच दावा केला. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवलं, की अशी त्रिकूट फुगडी टिकणारच नाही. १९४३ मध्ये आणखी एक दावा झाला, तोही टिकला नाही. ग्रह आजवर सापडलेला नाही.

मग जेकब थापा मारत होते? मुळीच नाही. त्यांच्या हाती होती ती साधनंच अपुरी होती. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा काढायची म्हणून ते विलायतेहून पुन्हा आले. ऑगस्ट १८६२ मध्ये मुंबईला उतरले आणि आठच दिवसांत पुण्यात वारले.

आता उजवीकडे, उत्तरेला वळा. ध्रुवाच्या वर, जरा उजव्या हाताला वृषपर्वा समूहातला गॅमा तारा आहे. हाही जोडतारा. इथे ग्रह असावा असं कॅनडातल्या शास्त्रज्ञांना १९८८ मध्ये वाटलं. ताऱ्याच्याच अंगची ही चलबिचल असेल, अशी शंका आल्यावर १९९२ मध्ये त्यांनी दावा मागे घेतला. आणि गंमत पाहा, २००३ मध्ये नव्या मोजमापांनी ग्रह खरा ठरला!

२०११ मध्ये तर केप्लर दुर्बिणीला दोन्ही सूर्यांना मिळून फेरी घालणारा ग्रह सापडला. तो समोरून जाताना ताऱ्यांचा उजेड कमी होई. तिथे संध्याकाळी दोन सूर्य मावळत असतील.

जेकबांच्या दाव्यापासून त्या केशरी जोडीची दुसरी फेरी २०३१ च्या सुमारास पुरी होईल. तेव्हा तुम्ही कितवीत असाल?