एक ग्रॅमचा हिशेब

बडोद्याच्या मुलांस वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. उत्तरायण जवळ आले की घरोघरी गच्चीवर तोच अभ्यास चालतो. म्हणून आंतरशालेय स्पर्धेसाठी हाताने सोडावयाचे ग्लायडर तयार करण्याचे ठरले, तेव्हा विषय अगदीच परका वाटला नाही. पुढे वाचनात आले की, इंग्लंडातील जॉर्ज केली यांनी १८०४ साली जे छोटे ग्लायडर उडविले, त्याला पंख म्हणून चक्क पतंगच बसविला होता! मागे हलविता येणारे शेपूट आणि नाकाशी सरकते वजन, एवढाच त्याचा थाट. आम्ही तरी यापलीकडे काय करतो?

नमुना निवडताना मात्र घरात दोन पक्ष पडले. धाकट्या बहिणीस निमुळत्या पंखांचे, लाल रंगाचे लढाऊ विमान हवे होते. सामान एकाच ग्लायडरपुरते; पुन्हा आणण्यास पैसे नव्हते. स्पर्धेत रूपाला गुण नसून, हातातून सुटल्यापासून भूमीस टेकेपर्यंतचे सेकंद तेवढे मोजले जाणार होते. लढाऊ विमानास वेग हवा, आम्हांस सावकाश उतरावयाचे होते. त्यासाठी पंख मोठा आणि त्यावरील भार थोडा हवा. मी ४५ सेंटिमीटर लांबीचा साधा, सरळ पंख पसंत केला. बाईसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाल्सा हे दक्षिण अमेरिकेकडील झाडाचे अत्यंत हलके लाकूड. आणलेल्या दोन फळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. दोन्ही २ मिलिमीटर जाडीच्या. पण गल्लीतील सोनारकाकांच्या काट्यावर एक भरली १४ ग्रॅम, दुसरी २३! काका हसले, पण तोलून मात्र त्यांनी सोन्याइतकेच चोख दिले. हलक्या फळीतून पंख व शेपूट कापले. जड फळीच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून मधली दांडी केली. पंखांची टोके थोडी वर उचलून बसविली, म्हणजे ग्लायडर एका अंगास कलले तरी आपले आपण सावरते.

आता रंगाचा प्रश्न पुन्हा निघाला. आमच्या ग्लायडरचे शेपूट तोलबिंदूपासून नाकाच्या तिप्पट दूर होते. म्हणजे शेपटावर एक ग्रॅम रंग चढला की नाकाशी तीन ग्रॅम मेण लावणे आले. हा हिशेब बहिणीने स्वतः कागदावर करून पाहिला आणि म्हणाली, “दादा, मग पेन्सिलीने काढू?” तिने शेपटावर एक चिमणी काढली. काटा तसूभरही हलला नाही.

संध्याकाळी गवतावर चाचण्या झाल्या. नाक वर करून ग्लायडर अडखळले की मेणाची गोळी वाढवावयाची. सरळ खाली सूर मारला की थोडे मेण काढावयाचे. उभ्या शेपटाची कड किंचित वाकविली, तेव्हा ते डौलाने गोल फिरू लागले.

स्पर्धेत पहिली दोन उड्डाणे बेताचीच झाली. तिसऱ्या वेळी तापलेल्या मैदानावरून वर चढणारी उबदार हवा त्यास लाभली. घिरट्या घेत ते कडुनिंबांच्याही वर गेले आणि ५२ सेकंदांनी दिसेनासे झाले. परीक्षकांनी घड्याळ थांबविले. बहीण मागे धावली ती रिकाम्या हातांनी परतली, पण चेहऱ्यावर रुसवा नव्हता. “माझी चिमणी गेली,” एवढेच म्हणाली.

आता आम्ही पुन्हा पैसे साठवीत आहोत. या खेपेस फळ्या तीच तोलणार आहे.