घोड्याचा व्हिसा

आपण व्हिसासाठी रांगेत उभे राहतो, घोडा चौदा दिवस तबेल्यात उभा राहतो. त्या चौदा दिवसांवर किती जणांचं पोट अवलंबून असतं, ते मी सिडनीत बघितलं.

घोड्याला पासपोर्ट असतो, माहितेय? मस्करी नाही करत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या घोड्याच्या नावानं चक्क एक पुस्तिका असते. कपाळावरचा टिळा, पायांतले पांढरे मोजे, अंगावरचे भोवरे, टोचलेली प्रत्येक लस, सगळं तारखेनिशी. आपल्या पासपोर्टवरच्या फोटोपेक्षा घोड्याचं वर्णन नक्कीच जास्त खरं असतं!

हा विषय सध्या आमच्या घरात पेटलाय तो माझ्या भाचीमुळे. वय सोळा, मुक्काम पोस्ट पुणे, डोक्यात चोवीस तास शो-जंपिंग. परवा जेवताना तिनं बॉम्ब टाकला, "मामा, मला बाहेर स्पर्धेला जायचं असेल तर बादलला नेता येईल ना रे?" ताईच्या हातातली पोळी तशीच राहिली. "अगं, विमानात घोडा?"

विमानाचं टेन्शन नाहीये. घोडे विमानानं जातात, समोर गवत, शेजारी मोतद्दार, एकदम राजेशाही. खरी गोष्ट आहे ती विमानात चढायच्या आधीची आणि उतरल्यानंतरची.

सिडनीतला तो शनिवार

२००७ मध्ये मी सिडनीत ऑनसाइट होतो. आठवडाभर कोड, शनिवारी घोडा. शहराच्या मधोमध सेंटेनिअल पार्क आहे, तिथे मी रायडिंग शिकायचो. २५ ऑगस्टच्या शनिवारी हेल्मेट काखेत मारून पोहोचलो, तर एंट्री बंद. कारण? घोड्यांना फ्लू.

हा फ्लू माणसांना होत नाही. घोडेही बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरे होतात. मग एवढा गहजब कशासाठी? कारण हा रोग ऑस्ट्रेलियात त्याआधी कधी आलाच नव्हता. तिथल्या घोड्यांच्या शरीराला त्याची ओळखच नव्हती. एक घोडा खोकला की विषाणू वाऱ्यावर. शिवाय माणसाचे कपडे, हात, खरारा, लगाम यांवर बसूनही तो आरामात प्रवास करतो.

त्याच दिवशी देशभर हुकूम सुटला : जो घोडा जिथे आहे, तिथेच राहील. सिडनीतल्या शर्यती बंद. क्वीन्सलँडमध्ये वॉरिकला स्पर्धेसाठी आलेली मंडळी घोड्यांसकट मैदानावरच अडकली, तीही एक-दोन दिवस नव्हे, कित्येक आठवडे! पेपरात रोज नवा नकाशा. लाल झोन, जांभळा झोन, हिरवा झोन. आपला घोडा कुठल्या रंगात, यावर लोकांची झोप ठरायची.

माझ्या टीम लीडची बहीण हॉक्सबरी भागात छोटीशी रायडिंग स्कूल चालवायची. बारा घोडे, हाताखाली दोन मुली. तिचा एकही घोडा शर्यतीतला नव्हता, शाळकरी पोरांना पाठीवर घेऊन गोल गोल फिरणारी साधी जनावरं ती. तिसऱ्या आठवड्यात पहिलं खोकलं, मग रांगच लागली. शिकवण्या बंद, नालबंद यायला तयार नाही, कर्जाचे हप्ते मात्र चालू. मदतीला गेलेली माझी टीम लीड तिथून निघताना अंघोळ करून, कपडे बदलून, बूट जंतुनाशकात बुडवून मगच गाडीत बसायची. दोनपैकी एका मुलीला बहिणीनं रजा दिली, तो दिवस तिनं ऑफिसात कँटीनमध्ये सांगितला होता. सगळ्यांच्याच कॉफ्या गार झाल्या.

न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड मिळून सुमारे दहा हजार ठिकाणी रोग पोहोचला, सत्तर हजारांच्या आसपास घोडे आजारी पडले. लाखाहून जास्त घोड्यांना लस टोचली गेली. शेवटची केस डिसेंबर २००७ मधली. पण 'आम्ही रोगमुक्त' हे जगाकडून मान्य करून घ्यायला आणखी एक वर्ष गेलं.

एक न केलेली अंघोळ

हे सुरू कुठून झालं? निवृत्त न्यायमूर्ती इयन कॅलिनन यांच्या चौकशीचा अहवाल २००८ मध्ये आला. तो एखाद्या थ्रिलरसारखा आहे.

उत्तर गोलार्धातले महागडे वळू-घोडे विणीच्या हंगामासाठी दरवर्षी ऑस्ट्रेलियात येतात. त्यांना म्हणतातच 'शटल'. त्या ऑगस्टमध्ये जपानमध्येही फ्लूची साथ होती. बहुधा तिथूनच आलेल्या एका घोड्याबरोबर विषाणू सिडनीच्या ईस्टर्न क्रीक क्वारंटाइन केंद्रात शिरला. इथपर्यंत ठीक, क्वारंटाइन असतं त्यासाठीच. घोडे कुंपणाच्या आतच होते. बाहेर पडलं ते माणूस. कुणाच्या तरी अंगावरून, कपड्यांवरून किंवा सामानावरून विषाणू बाहेर आला, हीच सर्वांत जास्त शक्यता, असा निष्कर्ष निघाला. ती नेमकी व्यक्ती कोण, ते कळलंच नाही. आत-बाहेर करणाऱ्यांनी अंघोळ करायची, कपडे बदलायचे, हे प्रत्यक्षात पाळलं जात नव्हतं.

म्हणजे बघा, कोट्यवधींचे घोडे, विमानं, डॉक्टर, लॅब, आणि सगळं अडलं कशावर? दहा मिनिटांच्या अंघोळीवर. तिची किंमत मोजली कुणी? तर ज्यांचा त्या शटल घोड्यांशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी.

बादलचं काय?

आता भाचीचा प्रश्न. घोड्यांच्या नियमांपुढे ऑलिंपिकलाही मान तुकवावी लागली आहे. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं, पण घोडेस्वारी झाली स्टॉकहोमला, कारण ऑस्ट्रेलियाचा सहा महिन्यांचा क्वारंटाइन. २००८ ला यजमान बीजिंग, घोडे मात्र हाँगकाँगला. २०२३ च्या हांगझौ एशियाडमध्ये भारतानं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं. आमच्या घरी तर पेढे वाटले होते. पण ते स्वार युरोपात राहून तयार झालेले आणि घोडेही तिथेच ठेवलेले.

कारण भारतातल्या घोड्यांसाठी बाहेरच्या स्पर्धांची वाट वर्षानुवर्षं जवळपास बंदच होती. चिलटांमधून पसरणाऱ्या जीवघेण्या आफ्रिकन हॉर्स सिकनेसपासून भारत २०१४ पासून मुक्त आहे, पण बाकीचे रोग आडवे येत होते. ती वाट जुलै २०२५ मध्ये किंचित उघडली. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रातल्या तबेल्यांना घोड्यांसाठी 'रोगमुक्त कक्ष' म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. पाच रोगांपासून मुक्त : फ्लू, ग्लँडर्स, सर्रा, पायरोप्लाज्मोसिस आणि इन्फेक्शिअस ॲनिमिया. अख्खा देश नाही, एक कुंपण स्वच्छ ठेवायचं आणि ते सिद्ध करत राहायचं, अशी ही आयडिया आहे.

मग पुण्यात काय अडतं? ग्लँडर्सचं नाव आपल्याला नवीन नाही. २००६ मध्ये पुणे आणि पाचगणीत तो सापडला होता. हा जिवाणू माणसालाही होऊ शकतो, त्यावर लस नाही, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावं लागतं. तेव्हाचा कायदा तर १८९९ चा! पाचगणीच्या टेबललँडवर आपण ज्या घोड्यावर बसून फोटो काढतो, तो कुणाच्या तरी घरातला एकटा कमावता असतो. त्याच्या नाकातून पू आला, तर मालकानं कुणाला सांगायचं? सांगितलं तर घोडा जाणार. नाही सांगितलं तर शेजाऱ्याचेही जाणार, कदाचित माणूसही. भरपाई वेळेवर आणि पुरेशी हातात पडणार असेल, तरच तो खरं बोलेल. हॉक्सबरीची ती बाई फोन उचलून सरकारी डॉक्टरला कळवू शकली, कारण तिचे घोडे बरे होणार होते. आपल्या घोडेवाल्याकडे ती सोय नाही. रोगमुक्तीची सुरुवात लॅबमध्ये होत असेल, पण ती टिकते या माणसाच्या भरवशावर.

हे सगळं भाचीला सांगितलं. म्हटलं, बादल या वर्षी तरी कुठे जात नाही. गाल फुगले, दोन दिवस अबोला. मग रविवारी तिला तबेल्यावर सोडायला गेलो, तर गेटपाशी जंतुनाशकाचं घमेलं ठेवलेलं. दुसऱ्या क्लबातला तिचा एक मित्र थेट आत शिरत होता.

"बूट बुडव आधी. आणि तुझा खरारा गाडीतच ठेव."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"मग दोन मिनिटांत बुडव."

तो वैतागला, पण त्यानं बूट बुडवले. पाठोपाठ मीही माझे नवेकोरे लेदरचे शूज घमेल्यात घातले. सोळा वर्षांच्या पोरीपुढे वाद कोण घालणार?