शाळा टाळायची सोय नाही

जर्मनीत मूल सहा वर्षांचं झालं की त्याला शाळेत घालावंच लागतं. घरी कितीही चांगलं शिकवा, चालत नाही. गंभीर आजारासारखे मोजके अपवाद सोडले तर सूट नाही. फ्रँकफुर्टला नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना हे पटकन खरं वाटत नाही. पुण्यात मुलीला घरीच शिकवणारं एक जोडपं इथे आलं, तेव्हा "रीतसर अर्ज करू, परवानगी मिळेल," असं दोघंही धरून चालले होते. अशी परवानगीच नसते म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. भारतात शिक्षण हक्क कायदा मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घातल्यास शिक्षा ठेवत नाही. आमच्या हेसन राज्यात मुलाला सतत शाळेपासून दूर ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

या कायद्याला आव्हान देणारे बहुतेक पालक धार्मिक ख्रिस्ती आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या एका जोडप्याची तक्रार लैंगिक शिक्षणाबद्दल होती, तशी परीकथांतल्या चेटकिणींबद्दलही. कार्ल्सरूऽच्या घटनात्मक न्यायालयाने २००३ मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं आणि २००६ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही त्यांची तक्रार टिकली नाही. कार्ल्सरूऽचं म्हणणं थोडक्यात असं: बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना दूर लोटू नये, तसंच अल्पसंख्याकांनीही स्वतःला कोंडून घेऊन इतरांशी बोलणं टाळू नये.

हे वाचताना मला वाटलं, न्यायाधीश आमच्याबद्दलच बोलताहेत. आम्ही मराठी माणसं परदेशात किती सहज आपल्याआपल्यात राहतो! गणपती आपला, दिवाळी आपली, शनिवार-रविवारची जेवणं आपल्याच चार घरांत. माझ्या मुलीला या वर्तुळाबाहेर शाळेने काढलं. पहिल्या दिवशी इथे मुलाच्या हातात त्याच्या निम्म्या उंचीचा पुठ्ठ्याचा रंगीत शंकू देतात, आत खाऊ आणि पेन्सिली. आजी-आजोबांसकट सगळं घर शाळेत येतं. माझ्या मुलीशेजारी एक तुर्की मुलगा बसला होता आणि पलीकडे एरिट्रियाची मुलगी. तिघांनी शंकू उघडून खाऊची अदलाबदल सुरू केली, तेव्हा तिघांना मिळून जेमतेम वीस जर्मन शब्द येत असतील. घरी बसवून मी तिला गणित उत्तम शिकवलं असतं, पण ही माणसं कुठून आणली असती?

म्हणून शाळेच्या सक्तीमागचा विचार मला पटतो. न पटणारी गोष्ट घडली आमच्या शेजारी, डार्मस्टाटजवळ. ऑगस्ट २०१३ मध्ये पोलीस आणि बालकल्याण खात्याचे लोक एका घरात शिरले आणि चारही मुलांना घेऊन गेले. पालक मुलांना शाळेत पाठवायला तयार झाल्यावर तीन आठवड्यांनी मुलं घरी परतली. पुढच्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने ताबा पालकांना परत दिला. मुलांची अभ्यासातली पातळी चिंता करण्यासारखी नव्हती. तरीही १० जानेवारी २०१९ रोजी स्ट्रासबुर्गने निकाल दिला की या कारवाईने त्या कुटुंबाच्या हक्कांचा भंग झाला नाही. पालक आधी मुलांची तपासणी करू देत नव्हते, मुलं जगापासून तुटली असतील अशी शंका अधिकाऱ्यांना येणं रास्त होतं, असं न्यायालयाचं मत.

शंका रास्त असेल. पण तीन आठवडे आईपासून तोडलेल्या मुलाला त्या शंकेचं काय? दंड करा, परीक्षा घ्या, न्यायालयात उभं करा. मारहाण नाही, उपासमार नाही, अशा घरातून मुलं उचलणं मला क्रूर वाटतं, आणि ते कायदेशीर ठरल्याने कमी क्रूर होत नाही.

माझ्या जर्मन सहकारी आयांना यात फारसं वावगं वाटत नाही. "कायदा सगळ्यांना सारखा," त्या म्हणतात. घरी शिकवू पाहणारे पालक मात्र देश सोडतात. असंच एक कुटुंब २००८ मध्ये अमेरिकेत टेनेसीला गेलं. आश्रयासाठी वरपर्यंत लढलं आणि हरलं, पण मार्च २०१४ मध्ये सरकारने त्यांना राहू दिलं. बाकीच्यांना ऑस्ट्रिया जवळचा. तिथे घरी शिकवता येतं, मात्र मुलाला दर वर्षी बाहेरची परीक्षा द्यावी लागते. ही पद्धत जर्मनीने का घेऊ नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मी स्वतः मुलीला शाळेतच घातलं असतं, तरीही.

पुण्याच्या त्या मुलीचं नाव शाळेत घातलंय. आई व्हिएन्नातल्या नोकऱ्या शोधते आहे, बापाला फ्रँकफुर्ट सोडायचं नाही.